चाकांवरचे बिऱ्हाड

मराठीत 'घर' आणि 'बिऱ्हाड' असे दोन वेगळे शब्द आहेत, हा आपल्या भाषेचा मोठा शहाणपणा आहे. घर बांधायचे असते, बिऱ्हाड करायचे असते. घराला पाया लागतो, बिऱ्हाडाला पाठ. म्हणून तर विंचवाला आपण घर दिले नाही. बिऱ्हाड दिले, आणि तेही त्याच्या पाठीवर. मुंबईच्या आसपास वाढलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. तो बहुधा बिऱ्हाडात जन्मतो, उमेदीची वर्षे घराचे हप्ते फेडण्यात घालवतो, आणि हप्ते संपून तो जरा पाय पसरतो न पसरतो तोच त्या घराचे पुन्हा बिऱ्हाड होण्याची वेळ येते.

आमच्यावर ती वेळ गेल्या वर्षी आली. भाईंदरला १९८५ साली नगरपरिषद झाली, त्या सुमारास मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या कडेने ज्या इमारती भराभर उठल्या त्यांपैकी आमची एक. पुढे २००२ साली मिरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, गावाचे शहर झाले. पण खाडीवरचा खारा वारा मात्र होता तसाच राहिला. त्याने चाळीस वर्षांत आमच्या इमारतीच्या सळ्या खाऊन टाकल्या. छताचा एक पापुद्रा एकदा माझ्या ताटात, भाताच्या मुदीशेजारी, पापडासारखा येऊन पडला. सोसायटीची सभा झाली, पुनर्विकास ठरला, सगळ्यांच्या सह्या झाल्या. राहिली एकच सही. ती आमच्या आईची.

वडिलांच्या मागे जागा आईच्या नावावर आहे. तिचे वय पंचाहत्तर. गिरगावातल्या एका खोलीतून ती या दोन खोल्यांत आली, तेव्हा तिला राजवाडा मिळाल्यासारखे वाटले होते. "तुम्ही खुशाल जा," ती म्हणाली. "मी इथून जाईन ती आडवीच." आता या वाक्यापुढे कोणता मुलगा कागद आणि पेन धरील? शाळेत चाळीस मुलांचा वर्ग एका नजरेने गप्प करणारा मी, घरी आईपुढे शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी असतो. सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले की मी हवापाण्याच्या गोष्टी काढू लागलो.

तोड काढली ती माझ्या पत्नीने. "अहो, सहीचं राहू द्या बाजूला," ती म्हणाली. "आईंना एकदा गुहागर दाखवून आणू." गुहागर हे आईचे माहेर. बारा वर्षांत ती तिकडे गेलेली नव्हती. कारण नाजूक होते. पण ज्यांच्या घरात वडीलधारी माणसे आहेत त्यांना ते चटकन कळेल. गुडघे धरलेले, खाली बसता येत नाही, आणि आपल्या हमरस्त्यांवर बाईमाणसाला दर दोन तासांनी लागणारी सोय हा अजूनही नशिबाचा भाग आहे. तेव्हा निजायची, शिजवायची आणि त्या सोयीचीही व्यवस्था जिच्यात आहे अशी एक गाडी भाड्याने घ्यायची ठरले. कॅरॅव्हॅन म्हणतात ती हीच.

हा शब्द मूळचा फारसी. कारवान म्हणजे जथ्याने जाणारा व्यापाऱ्यांचा तांडा. इंग्रजांनी शब्द उचलला आणि त्याची गाडी केली. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका निवृत्त आरमारी डॉक्टराने (गृहस्थ मुलांसाठी साहसकथा लिहीत, म्हणजे माझ्याच धंद्यातले) 'वाँडरर' नावाचे एक घर चाकांवर बांधून घेतले, त्याला दोन घोडे जुंपले आणि दक्षिण इंग्लंडातून थेट स्कॉटलंडातल्या इन्व्हरनेसपर्यंत मजल मारली. पोटासाठी नव्हे, निव्वळ मौजेसाठी चाकांवर राहण्याचा पायंडा त्यांनी पाडला असे मानतात.

आपल्याकडे मौजेचा प्रश्नच नव्हता. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुखामागून मुलूख तुडवीत. 'लमाण' हा शब्दच लवणापासून, म्हणजे मिठापासून, आला असे सांगतात. आम्हा मिठागराच्या शेजाऱ्यांना ते पटायला जड जात नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, पुढच्या दहाबारा वर्षांत ती बोरघाट आणि थळघाट चढून गेली, आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार उतरणीला लागला. लक्ष्मण माने यांनी १९८० साली 'उपरा'मध्ये सांगितली ती गाढवाच्या पाठीवर संसार लादून गावोगाव हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबाची हकिगत. आणि लांब कशाला जा? आमच्याच महापालिकेच्या हद्दीत, उत्तनला आणि चौकला, कोळ्यांच्या बोटी बर्फ, डिझेल, पाणी आणि शिधा भरून समुद्रावर जातात आणि कित्येक दिवस तिथेच रांधतात, तिथेच निजतात. तेही पाण्यावरचे बिऱ्हाडच की.

तर अशा या मुलुखात, २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. गाड्या कशा असाव्यात, त्या उभ्या करायला पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले तळ कसे असावेत, याचा त्यात विचार आहे. पोटासाठी फिरणाऱ्यांच्या प्रदेशात हौसेसाठी फिरणारे आले. त्यांत नाताळची सुटी आणि उरलेली किरकोळ रजा यांचा मेळ घालून आम्हीही सामील झालो.

गाडी आमच्या गल्लीत येऊन उभी राहिली तेव्हा मोठी गंमत झाली. पांढरीशुभ्र, लांबोडकी, बाजूला पायरी. समोरच्या इमारतीतले एक सद्गृहस्थ बाही वर करून हजर झाले. त्यांना वाटले, रक्तदान शिबिर आहे. आईने मात्र आत पाऊल टाकताच आधी ओटा पाहिला. दोन शेगड्यांचा, हातभर लांब. मग तिने एक एक कपाट उघडून पाहिले. प्रत्येक कपाटाला कडी. "हे बरं आहे," ती म्हणाली. "इथे वस्तू बोलल्याशिवाय जागची हलणार नाही." पितळेचा बाळकृष्ण तिने मिसळणाच्या डब्यात, हळदीशेजारच्या रिकाम्या वाटीत ठेवला. प्रवासात देवाने थोडे सोसावे, असे तिचे मत पडले.

घोडबंदर रस्त्याने खाडीच्या कडेकडेने आम्ही निघालो आणि पहिल्याच चढावर आमचे शिक्षण सुरू झाले. एक कडी लावायची राहिली होती. साखरेचा डबा बाहेर आला आणि गाडीभर साखर पेरली गेली. ड्रायव्हर मोठे शांत गृहस्थ. मुले त्यांना मामा म्हणू लागली होती. ते आरशातून म्हणाले, "आजी, हिच्यात घर चालवायचं म्हणजे आधी घर बांधून ठेवायचं." माझ्या नववीतल्या मुलीने त्याच दिवशी एका कागदावर नऊ कलमे लिहून तो दाराला चिकटवला. गॅस बंद. नळ बंद. छताची खिडकी बंद. फ्रिजची कडी. कपाटांच्या कड्या. विजेची तार काढली का? पायरी आत घेतली का? आजीचा चष्मा. आजी.

या गाडीत राहण्याची म्हणून एक रीत आहे. गाडी उभी करायची ती आधी समतल जागा पाहून. नाहीतर मोरीतले पाणी जात नाही आणि माणसे रात्रभर एका कुशीकडे घरंगळत राहतात. मामा चाकांखाली फळ्या सरकवत आणि ओट्यावर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्याकडे पाहत. जेवणाचे टेबल मोडले की त्याचा पलंग होतो. सोय उत्तम, पण त्या पलंगावर निजलेला मनुष्य उठेपर्यंत कोणाला चहा प्यायला बसता येत नाही. आमचे चिरंजीव उशिरा उठणारे, त्यांना चौथ्या दिवसापर्यंत सहा वाजता जाग येऊ लागली. बोंबील तळायचे ते बाहेर, कनातीखाली. कारण आत केलेली फोडणी उशीच्या अभ्र्यात शिरते आणि रात्रभर सोबत करते. आणि पाणी! टाकी शंभर लिटरची, माणसे ड्रायव्हर धरून सहा. इथे आई सेनापती झाली. भाईंदरच्या जुन्या रहिवाशाला पाणी कसे जपावे हे शिकवावे लागत नाही. तांदूळ धुतलेल्या पाण्यात पहिली भांडी, मग स्वच्छ पाण्याचा एक हात. तोंड धुताना नळ नाही, तांब्या. वापरलेले पाणी गाडीच्या पोटात वेगळ्या टाकीत साठते. ते वाटेत कुठेही सोडायचे नाही, मुक्कामी सांडपाण्याच्या चेंबरातच रिकामे करायचे. ते काम माझे आणि मामांचे. माझी पत्नी दुसऱ्या दिवशी म्हणाली, "माणूस हौसेला निघतो, पण खरकटं काही घरी राहत नाही. तेही गाडीत चढतं." म्हणून कामे वाटून घेतली. अट एकच, सांगावे लागता कामा नये. लहान जागेत सूचना फार मोठ्या ऐकू येतात.

पहिला मुक्काम हरिहरेश्वर. दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला सावित्री नदीच्या मुखाशी आमचे घर बोटीवर चढले. वाहने वाहून नेणारी ही मोठी बोट समोरच्या वेसवीला लावते. भाईंदर–वसई अशी वाहनांची बोट २०२४ साली आमच्या खाडीतही सुरू झाली, त्यामुळे मुलांना नवल नव्हते. पण आईला होते. ती पायरीवर बसून राहिली. "खाडीवर बोट, बोटीवर गाडी, गाडीत घर," ती मोजत होती. "आणि घरात मी. कोण कुणाच्या आधाराने चाललंय कोण जाणे!" पुढे केळशी, हर्णे करीत दाभोळला वाशिष्ठी ओलांडली आणि आम्ही गुहागरात शिरलो.

गुहागरचा रस्ता नारळी-पोफळींतून जातो आणि तो बैलगाडीच्या मापाचा आहे. माझा मुलगा खाली उतरून पुढे चालू लागला. फणसाची फांदी आली की हात वर करायचा, विजेची तार आली की ओरडायचा. असे करीत आम्ही आईच्या माहेरच्या आगरापाशी पोचलो. माझे मामा वारल्याला बरीच वर्षे झाली, मामेभाऊ पुण्याला. घर पडल्याचे आम्हाला कळले होते आणि आईलाही माहीत होते. पण कळणे वेगळे आणि पाहणे वेगळे. चिऱ्याचे जोते तेवढे उरले होते. पायऱ्या शाबूत होत्या. त्या चढून गेले की आकाश.

आई पायऱ्या चढली नाही. बराच वेळ खालीच उभी राहिली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होतो, आणि ते तिला आवडले नसावे. ती वळून गाडीत गेली. शेगडी पेटल्याचा आवाज आला, पाठोपाठ आल्याचा वास. शेजारच्या आगरातून तिच्याच वयाची एक बाई काठी टेकीत आली होती. आईने तिला कप दिला आणि दोघी गाडीच्या पायरीवर बसून चहा प्यायल्या. कोणाची मुले कुठे आहेत, कोणाचे गुडघे कसे आहेत, बोलत बसल्या. माहेरच्या अंगणात आईने पाहुणीला चहा केला. घर नव्हते, पण अंगण होते, आणि कप होते.

जयगड, गणपतीपुळे करून परतीला आम्ही आंबा घाट चढलो आणि कोल्हापूरची बाजू धरली. डिसेंबर अखेर, उसाचा हंगाम भरात. टायरगाड्या उसाने इतक्या लादलेल्या की बैलांची फक्त शिंगे दिसत. कऱ्हाडच्या अलीकडे एका पेट्रोलपंपाच्या मालकाने रात्रीपुरते उभे राहू दिले. कुंपणापलीकडे ऊसतोडणी कामगारांचा अड्डा होता: बांबूवर चटया आणि ताडपत्र्या ताणून केलेल्या तीस-चाळीस कोप्या, मधूनमधून चुली, खुंट्याला बैल.

आठवडाभरात आमच्या गाडीविषयी लोकांनी दोनच प्रश्न विचारले होते. पुरुष विचारीत, "केवढ्याला पडली?" आणि पोरे विचारीत, "संडास कुठे जातो?" संध्याकाळी डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन फडावरून परतणारी एक तिशीतली बाई कुंपणापाशी थांबली. तिने तिसराच प्रश्न विचारला.

"पानी कुठं भरता, माय?"

आईने वर पाहिले. एका कारागिराने दुसऱ्याला ओळखावे तसे तिने त्या बाईला ओळखले. "टाकी आहे गं. नळ मिळेल तिथे भरून घेतो. तुमचं?"

"आमचं हिरीवर. मालकानं मोटर लावली तर भरायचं, न्हाईतर हंडे घेऊन पंपावर."

मग ती आत आली. पाय बाहेर झटकून, पदर सावरून. ओटा पाहिला, मोडता पलंग पाहिला, कपाटाची कडी दोनदा उघडून लावून पाहिली. "ह्या कड्या बेस हायेत. आमचं समदं एका पेटीत घालायचं अन् वरून दावं आवळायचं." बीड जिल्ह्यातली होती. दसरा झाला की गाडी भरायची, पाडव्याच्या आसपास गावी जाऊन रिकामी करायची; लग्नापासून हेच. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत तोडायचे. पहाटे चारला चूल, उजाडायच्या आत फडावर. तिने कुरकूर म्हणून हे सांगितले नाही. मी माझ्या शाळेच्या वेळा सांगाव्यात तसे सांगितले.

तिच्यामागून एक आठनऊ वर्षांचा मुलगा आला होता. शिक्षकाची जीभ; मी विचारले, "कितवीत?" तो म्हणाला, "चौथीत." पण चौथीचा वर्ग बीडमध्ये आणि तो इथे. अशा मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली. तरी दरसाल दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातल्या किती वर्गांतले किती बाक रिकामे होत असतील, हे माझ्यासारख्या हजेरी घेणाऱ्या माणसाला न मोजताही दिसते. त्याने दारावरचा माझ्या मुलीचा कागद पाहिला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागला. "गॅस बंद. नळ बंद." फ्रिजपाशी अडखळला, पण सोडले नाही, 'फ्रि' आधी, 'ज' मग. विजेच्या तारेपर्यंत आल्यावर म्हणाला, "आमच्या गाडीला ह्यातलं कायबी लागत न्हाई." मुलगी हसली नाही. तिने त्याला नववे कलम वाचायला लावले, आणि "आजी" हे त्याने न अडखळता वाचले.

"घरी कोण असतं मग?" आईने त्या बाईला विचारले.

"सासू हाय की. थोरल्या पोरीला साळंसाठी तिच्यापाशी ठिवलंय. घर ऱ्हायलं म्हातारीपाशी, बिऱ्हाड आलं माझ्यासंगं."

जाताना तिने उसाची दोन कांडी दिली. आईने गुहागरची आमसुले दिली. पहाटे चारला मला जाग आली तेव्हा कुंपणापलीकडे चुली पेटल्या होत्या आणि आईसुद्धा जागी होती, खिडकीशी. टायरगाड्या एकामागून एक अंधारात निघाल्या. तिची कोणती ते कळले नाही.

माझ्या कादंबऱ्यांतली माणसे अशा वेळी काहीतरी अर्थपूर्ण बोलतात. आई बोलली नाही. पुण्याच्या पुढे आल्यावर मात्र तिने एकदम विचारले, "ती म्हातारी तिथे काय राखते रे?" मी म्हटले, "घर. आणि नात." ती म्हणाली, "नात आहे होय. मग बरोबर आहे." आणि पुढे बऱ्याच वेळाने, आपल्याशीच: "आमचं राखायचं ते सगळं तर या गाडीतच बसलंय."

सही तिने जानेवारीत केली. पण मुकाट्याने केली नाही. सेक्रेटरींना घरी बोलावून घेतले, चष्मा लावला आणि करारनामा वाचून घेतला. "छत्तीस महिने म्हणजे छत्तीसच का?" तिने विचारले. "ती तोडणीवाली बाई पाडव्याला परत जाते. माझा पाडवा कोणता ते कागदावर लिहा." तारीख लिहिली आहे. ती पाळली जाईल की नाही, हे आमच्या शहरातल्या कोणत्याही भाडेकरूला विचारा. तो नुसता हसेल. इमारत उभी राहीपर्यंत आई असेल की नाही, हाही प्रश्न आमच्या घरात आहे. तो कोणी उच्चारीत नाही. तिने एकदा उच्चारला आणि आम्हीच विषय बदलला. बाहेर पडताना ती उभी होती आणि स्वतःच्या पायांनी चार जिने उतरली, एवढे खरे.

मार्चमध्ये आम्ही मीरा रोडला सातव्या मजल्यावर भाड्याने आलो. चाळीस वर्षांचे सामान पाहून हमालांनी आधी डोक्याला हात लावला होता. पण आईने आठ दिवस बसून त्याच्या तीन राशी केल्या. न्यायचे, द्यायचे, आणि दुसऱ्याच्या नजरेआड टाकायचे. पितळी घंगाळ दिले, वडिलांच्या कोटांची पेटी दिली. माझ्या हस्तलिखितांच्या गठ्ठ्यांकडे पाहून "हे सगळं लागतं का रे?" एवढेच विचारले. पाटा-वरवंटा मात्र आला. बिऱ्हाडाला थोडे वजन हवे, नाहीतर ते वाऱ्याने उडते, असे तिचे म्हणणे.

नव्या जागेत टेम्पोतून सामान अजून उतरत होते. मुले गॅलरीतून खाडी दिसते का ते पाहायला धावली. आई लिफ्टमधून उतरली, हातात मिसळणाचा डबा. खोल्या किती, ऊन कोठून येते, देव कुठे मांडायचे, यातले काही तिने विचारले नाही. दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराला तिने विचारले, "पाणी किती वाजता येतं, दादा?"